रिकामी मात्रा

मैदान एक, शाळा दोन.
वडाच्या अलीकडं मराठी, पलीकडं कन्नड.
ढोल आमच्या कपाटात, पितळ त्यांच्या.
दोन्ही हेडमास्तरांनी वर्षभर
एकमेकांना पत्रं लिहिली
आवक-जावक क्रमांक टाकून.
शेवटी शिपाई म्हणाला,
"सायेब, किल्ल्या तरी एका खिळ्याला अडकवूया की."
असा झाला निपाणीतला आमचा बँड.

शिकवायला घाडी हवालदार.
पलटणीत बावीस वर्षं कॉर्नेट,
आता डावा कान बंद.
मोठ्या ढोलाला तळवा लावून ऐकतात,
सुईण पोट चाचपते तसं.
लेफ्ट-राइट इंग्रजीत, शिव्या मराठीत,
आणि शाबासकी, मिळालीच तर,
कन्नडात: "अड्डी इल्ला."

मी साइड ड्रम. माझा हात पळायचा.
"कुणाच्या वरातीला चाललीस गं?"
घरी आई विड्या वळत बसलेली:
पान, तंबाखू, वळ, गाठ,
पान, तंबाखू, वळ, गाठ.
मांडीवर सूप, नाकात धूळ,
इतक्या वर्षांत एकदाही पळाला नाही तिचा हात.
मी काड्या घेऊन सुपाच्या कडेला बसले.
ती म्हणाली, "सूप फोडशील."
थांब म्हणाली नाही.

अफसाना बागवानच्या घरी आजोबा आजारी,
क्लॅरिनेटला बंदी.
ती संध्याकाळी मार्केटात
कोबीच्या रिकाम्या पोत्यांमागं वाजवते.
वांगी विकणारी एक बाई तिला चुका सांगते.
बरोबर सांगते.

सगळ्यात मोठं वाद्य शिवलीला हुक्केरीकडं.
युफोनियम. ते तिच्या कवेत मावत नाही,
तीच त्याच्या कवेत मावते.
शनिवार-रविवार ती वखारीत तंबाखू चाळते.
आठव्या ओळीत, जिथं सूर लांब धरायचा,
तिचा श्वास तुटतो.
पहिल्या दिवशी आम्ही हसलो.
दुसऱ्या दिवशी ती आली नाही.
तिसऱ्या दिवशी हवालदारांनी
फळ्यावरचा तो लांब सूर ओल्या हातानं पुसला
आणि तिथं काहीच लिहिलं नाही.

"इथं सगळे गप."
सगळे म्हणजे?
"ढोलबी. पाय तेवढे चालू."

एक मात्रा.
ती रिकामी ठेवायला आम्हाला अकरा दिवस लागले.
कुणाची काडी निसटायची,
कुणाची झांज आपोआप किणकिणायची,
बहुतेक वेळा माझाच हात.
वाजवायला काय, कुणीबी वाजवतंय.
चोवीस जणींनी एकदम न वाजवणं,
तेही चालता चालता,
तेही मान न वळवता!

आता येतंय.
ढोल थांबतो, पितळ थांबतं,
चोवीस डावे बूट मातीवर: धप्.
त्या धपमध्ये शिवलीला श्वास घेते.
कधी खोकतेसुद्धा.

बेळगावच्या कागदावर लिहिलंय:
सूर दहा, चाल दहा, गणवेश दहा, शिस्त वीस.
परीक्षकांना वाटेल, पोरी चुकल्या.
गुण कापतील काय, म्हणून मी हवालदारांना विचारलं.
त्यांनी डावा कान पुढं केला,
म्हणजे उत्तर द्यायचं नव्हतं.

उद्या पहाटे टेंपो, तवंदी घाटातनं.
ब्रासो संपलं, युफोनियम चिंचेनं घासलं;
त्यात आम्ही सगळ्या दिसतो, पोटं फुगलेल्या.
आई आज हजाराला चाळीस कमी असतानाच उठली
आणि माझ्या बुटांना खडू लावत बसली.
तिच्या बोटांचा वास बुटांना लागलाय.
दोनदा खडू दिला.
जात नाही.